तुमच्या घरी फुलराणी कशी आली? (भक्ती बर्वे : आठवणींचा धागा)

माळा आवरताना एक कॅसेट सापडली. वर बाबांच्या अक्षरात ‘फुलराणी – पुसू नये’. दूरदर्शनवर ‘ती फुलराणी’तला प्रवेश लागला होता, तेव्हा बाबांनी टीव्हीसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवून, घरातल्या सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला लावून तो टेप केला होता. कुकरला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे आमच्या घरच्या स्वगतात ऐन रंगात दोन शिट्ट्या आहेत, आणि मी ते याच कॅसेटवरून पाठ केल्यामुळे १९८५च्या स्नेहसंमेलनात नेमक्या त्याच दोन जागी थांबले होते. लोकांना वाटलं, विसरली. बाई विंगेतून पुढची ओळ सांगायला लागल्या.

तेव्हा आमच्या शाळेत ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे फुलराणीचं, म्हणजे मंजुळाचं स्वगत करायला सातवीतल्या पाच मुली तयार होत्या. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. मराठी घरात त्या काळी वाढलेली आणि आरशासमोर एकदाही मंजुळा न झालेली मुलगी मला तरी अजून भेटलेली नाही.

माहिती थोडक्यात, नव्या मंडळींसाठी. भक्ती बर्वे, जन्म १९४८, सांगली. सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरच्या बालनाट्यांतून सुरुवात. मग आकाशवाणी, दूरदर्शनच्या बातम्या आणि १९७५ साली पुलंचं नाटक ‘ती फुलराणी’, त्यात प्राध्यापकाकडून शुद्ध बोलायला शिकणारी फुलवाली मंजुळा. १९९० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. १२ फेब्रुवारी २००१ला द्रुतगती मार्गावर अपघातात गेल्या. वय अवघं ५२.

हे कुठेही मिळेल. मला तुमचं हवं आहे. रंगमंचावर पाहिलंत, टीव्हीवर, सिनेमात, की कुणा मावसबहिणीने लग्नघरात केलेल्या नकलेत? लिहा.

बाल्कनीतला

शिवाजी मंदिर, दादर. साल ७६ असावं. मी नोकरीला नवीन, बाल्कनीचं तिकीट. समोर प्राध्यापक म्हणून सतीश दुभाषी. आता सगळे फुलराणी फुलराणी करतात, पण दुभाषींबद्दल कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. तो माणूस समोर भिंतीसारखा उभा राहायचा म्हणून हिचा चेंडू उसळून परत यायचा.

स्वगत तुम्ही सर्वांनी पाठ केलंत, पण ते जिथून सुरू होतं ती जागा तुम्ही कॅसेटवर पाहिलेली नाही. ती आधी काहीच बोलली नाही. नुसती उभी. अपमान गिळलेली पोरगी जशी नाक ओढते तसं एकदा नाक ओढलं. बाल्कनीत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मग सुरुवात. यमकांची ती सरबत्ती खरं तर हसवणारी आहे, पुलंनी लिहिली आहेच तशी, पण हिने ती रागात म्हणता म्हणता मध्येच स्वतःच्याच स्वप्नाला भुलल्यासारखी केली. राग संपला आणि खेळ सुरू झाला, हे नेमकं कुठे घडलं ते मला तीन प्रयोग पाहूनही पकडता आलं नाही.

मध्यंतरातला बटाटेवडा मात्र तिन्ही वेळा गार होता.

साडेसातच्या बातम्या

आम्ही गिरगावातले. मजल्यावर एकच टीव्ही, आमच्याकडे. मुंबई दूरदर्शन १९७२च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं आणि आमचा टीव्ही त्याच्या पुढच्या दिवाळीला आला. संध्याकाळी खोलीत वीसेक माणसं. प्रदीप भिडे, अनंत भावे, स्मिता पाटील, भक्ती बर्वे हे आमच्यासाठी बातम्या देणारे कमी आणि रोज घरी येणारे पाहुणे जास्त होते.

आजीला ऐकू कमी यायचं, पण भक्ती बर्वे लागल्या की ती पुढे सरकून बसायची. म्हणायची, “हिचं मला सगळं कळतं, ही शब्द चावत नाही.” एकदा बातम्या चालू असताना म्हणाली, “आज हिचा घसा बसलाय. काल दोन प्रयोग झाले असणार.” काकांनी वर्तमानपत्र काढून नाटकांच्या जाहिराती पाहिल्या. दोन होते!

नंतर फुलराणी पाहायला आजीलाही नेलं. जी बाई रोज इतकं निर्मळ मराठी बोलते, तीच रंगमंचावर ‘न’ला ‘न’ आणि ‘ण’लाही ‘न’ म्हणतेय हे पाहून आजीला सुरुवातीला खरंच राग आला होता. “असं काय बोलतेय ही!” मग नाटक पुढे सरकलं, मंजुळा शुद्ध बोलायला लागली, तेव्हा आजी मला कोपर मारून म्हणाली, “आता बातम्यांतली आली बघ.” त्या नाटकाची अर्धी गंमत मुंबईकरांना अशी फुकटात मिळाली असं मला वाटतं. शिकून तयार झालेली मंजुळा कशी बोलेल, हे आम्ही रोज साडेसातला ऐकतच होतो.

जळगावकर

बातम्यांचं निघालंच आहे तर उलटी बाजू सांगतो. दूरदर्शनवर बहिणाबाई चौधरींवरची टेलिफिल्म लागली होती, त्यात भक्ती बर्वे बहिणाबाई होत्या. आमच्या गल्लीत केवढी उत्सुकता! बहिणाबाईंचं माहेर आसोदा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सगळे परीक्षक होऊन बसलेले. आमची आत्या शेवटी म्हणाली, “बोलनं जरा मुंबईचं हाये, पन हात आपले हायेत.”

आत्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालेलं मी पाहिलं नाही. सख्ख्या सुनेलाही नाही.

सांगलीची सून

सांगलीत भावे नाट्यमंदिराला जाणं म्हणजे देवळात जाण्यासारखं, साडी नीट नेसून वगैरे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच ‘सीता स्वयंवर’ केलं हे आमच्याकडे रिक्षावाला पण सांगतो. तिथे ‘आई रिटायर होतेय’ पाहिलं, अशोक पाटोळ्यांचं. मी, नवरा, सासूबाई, सासरे, दोन मुलं. घरातल्या कामातून आई निवृत्ती जाहीर करते आणि मग घराचं काय होतं, असा विषय.

पहिल्या अंकात आम्ही सगळे खूप हसलो. दुसऱ्या अंकात सासरे हसायचे थांबले. भक्ती बर्वे रडारड अजिबात करत नव्हत्या. निवृत्तीची गोष्ट ती आई बँकेतला माणूस सांगेल तशी सांगत होती, आणि त्यानेच पोटात गोळा येत होता.

घरी येताना कुणी बोललं नाही. पुढच्या रविवारी सकाळी साडेसात वाजले तरी सासूबाई उठल्या नाहीत. सासरे दोनदा दारापर्यंत जाऊन आले. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चहा केला. साखर घालायची राहिली, तो आम्ही तसाच प्यायलो. आतून सासूबाईंचा आवाज आला, “मी नुसती पडलेय हो, रिटायर नाही झाले.” त्या आवाजात थोडी भक्ती बर्वे होती, शपथेवर सांगते.

सॅन होजेहून

माझी आठवण मराठी नाहीच. विद्यार्थी असताना चौघे एका खोलीत राहायचो, मी एकटाच मराठी. ‘जाने भी दो यारों’ची घासलेली व्हिडिओ टेप होती, ती महिन्यातून एकदा लागायची. नसीरुद्दीन शाह, रवी बासवानी, पंकज कपूर, ओम पुरी, प्रेत झालेले सतीश शाह यांची नावं सगळ्यांना तोंडपाठ. आणि ती संपादिका? “वो शोभाजी.” बस. नाव कुणालाच माहीत नाही.

मी त्यांना सांगायचो की अरे, ही आमच्याकडची सर्वांत मोठी नटी आहे. त्यांना ते पटायचं नाही, कारण ती त्यात काही ‘करतच’ नाही. बाकीचे धावतात, पडतात, महाभारताच्या प्रयोगात प्रेत घेऊन घुसतात. ही फक्त गोड बोलते. ‘खबरदार’ची संपादक, भ्रष्टाचार उघडा पाडायला निघालेली, आणि त्या दोन भोळ्या फोटोग्राफरांना बोटावर नाचवणारी. शेवटी ती ब्लॅकमेलच करणार असते. आता पाहिलं की कळतं, त्या गोंधळात एक माणूस न हलता उभा राहिला नसता तर बाकीच्यांचं धावणं दिसलंच नसतं. फुलराणीच्या अगदी उलट. तिथे सगळं वाहत बाहेर येतं, इथे एक थेंब सांडत नाही. हिंदीवाल्यांनी तिला यापुढे फारसं विचारलं नाही, तो त्यांचा करंटेपणा.

विंगेतून

@बाल्कनीतला, गार वड्याशी सहमत.

सर्वांना एक विनंती. फुलराणीच्या पुढे-मागेही बघा. विजयाबाई मेहतांनी बसवलेलं ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आहे, ब्रेख्तचं, खानोलकरांनी मराठीत आणलेलं. ते पाहिलेले लोक वेगळंच बोलतात. एका भूमिकेनं बाईंना डोक्यावर घेतलं आणि तिथून खाली उतरूच दिलं नाही. शेवटी कार्यक्रमाचं नाव काय, तर ‘पु. ल., फुलराणी आणि मी’. ‘मी’ तिसरी!

बाल्कनीतला

@विंगेतून, मला हे रडगाणं पटत नाही. क्रम त्यांनी स्वतः लावला असेल तर आपण कोण? आणि भूमिका नटाला खाते वगैरे लेखात बरं वाटतं. नंतर सुकन्या कुलकर्णींनी केली, अमृता सुभाषने केली, नवीन मुलीही करतात. उत्तम केली. तरी प्रत्येकीला पहिला प्रश्न काय विचारला? यात भक्तीबाईंचा काय दोष?

वाईकर

त्या वाईहून मुंबईला परत निघाल्या होत्या. गाडीला भाताण बोगद्याजवळ अपघात झाला. त्यांचे पती, नट शफी इनामदार यांना जाऊन तेव्हा पाच वर्षं होत होती, आणि पुलंना जाऊन वर्षही झालं नव्हतं.

आमच्या गावात दुसऱ्या दिवशी जो तो एवढंच म्हणत होता, “अहो, इथूनच गेल्या ना.” जणू आम्ही जरा आणखी आग्रह करून जेवायला थांबवलं असतं तर. मी त्या वेळी घाटावर क्लास घ्यायचो. त्या दिवशी शिकवलं नाही. एका मुलीला स्वगत येत होतं. ती म्हणू का विचारायला लागली. नको म्हणालो. अजून वाटतं, म्हणू द्यायला हवं होतं.

दादर फुलबाजार

मी इथे फक्त वाचते, आज लिहिते.

माझी आई फुलं विकायची. खरोखरची. पहाटे चारला दादरला माल घ्यायचा, मग उपनगरात स्टेशनबाहेर बसायचं. मी शाळेतून येऊन तिच्याशेजारी गजरे करायची. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दोन कळ्या अशा, दोन तशा, गाठ. मोगऱ्याच्या दिवसांत बोटांना रात्रीपर्यंत वास. अबोलीला वास नाही, पण ती बोटं रंगवते.

आठवीत संमेलनासाठी बाईंनी माझं नाव घेतलं. मी खूश. मग त्या दुसऱ्या बाईंना म्हणाल्या, “हिला काही शिकवायला नको, ही बोलतेच तशी.” वर्ग हसला. मी घरी ‘पानी’ म्हणायची, ‘लोनी’ म्हणायची. तोवर मला माहीत नव्हतं की यात हसण्यासारखं काही असतं. मी काम नाकारलं. टोपली हवी होती म्हणून ती मात्र आमच्याकडून नेली, आणि आत प्लॅस्टिकची फुलं ठेवली. आईला सगळ्यात जास्त राग त्या फुलांचा आला.

ते नाटक मी मुद्दाम कधी पाहिलं नाही. इतक्या जणींच्या नकला पाहिल्या, सगळ्या त्या ‘न’वर जोर देऊन टाळ्या घ्यायच्या. चाळिशीत मुलीने मोबाइलवर भक्ती बर्वेंची जुनी चित्रफीत दाखवली. मी उठून जाणार होते. पण या बाई त्या ‘न’वर थांबतच नव्हत्या. आमच्याकडे बोलतात तसंच, विचार न करता बोलून पुढे जात होत्या, कारण मंजुळाचं सगळं लक्ष त्या मास्तराचा सूड घेण्यात होतं. तिला कुठे ठाऊक आपण चुकीचं बोलतोय!

आई शेजारी बसून वाटाणे सोलत होती. तिने पूर्ण पाहिलं आणि विचारलं, “ही कुठं बसायची?”

मी म्हटलं, अगं नटी आहे ती.

“असंल,” आई म्हणाली. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

धागाकर्ती

@दादर फुलबाजार, आमच्या संमेलनातल्या टोपलीतही प्लॅस्टिकचीच फुलं होती. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

कॅसेट ऐकता येईल का असं दोघांनी विचारलंय. भाच्याकडून जुना डेक मिळवला. पट्टी एकदा अडकली, पेन्सिल घालून फिरवली, आता चालते. स्वगत पूर्ण आहे, कुकरसकट. शेवटी बाबांचा आवाजही आहे. त्यांना वाटलं असणार रेकॉर्डिंग बंद झालं. ते आईला म्हणतायत, “गॅस कमी कर, आणि त्या पोरीला आत घे, ती मघापासून दाराशी उभी राहून हातवारे करतेय.”