वाचनकट्टा ग्रुप: या महिन्याच्या कादंबरीवरून

शैला (बी-३०२): सर्वांना नमस्कार. अलिसा कोल यांच्या ‘व्हेन नो वन इज वॉचिंग’ या २०२०च्या कादंबरीवर (न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून जुने रहिवासी हुसकावले जाऊन नवे गोरे रहिवासी कसे येतात, याची ही गोष्ट) रविवारी चर्चा ठरलेली असताना सकाळपासून इथे पुस्तक सोडून बाकी सगळे बोलले जात आहे, म्हणून नाइलाजाने लिहिते.

प्रधानकाका (ए-१०१): शैलाताई, माझा प्रश्न पुस्तकाबद्दलच आहे. घर विकणाऱ्याने बाजारभावाने पैसे मोजून घेतले, तर तक्रार कसली?

निखिल (सी-७०४): काका, कादंबरीची नायिका सिडनी हिच्या आईला फसवून घर लुबाडले जाते, तिथे बाजारभाव येतो कुठे? १९३०च्या दशकात सरकारी नकाशांवर ब्रुकलिनमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवून तिथे कर्ज देणे जोखमीचे ठरवले गेले. तरीही ज्यांनी पै पै जोडून घरे राखली, त्यांच्याच दारात आता दलाल उभे आहेत.

मृणालिनी (बी-६०१): याच विषयावरची नाइमा कोस्टर यांची ‘हॅल्सी स्ट्रीट’ ही कादंबरी मला अधिक भिडली. तिच्यात कटकारस्थान नाही. वडिलांचे रेकॉर्डचे दुकान गेलेले आहे, आणि मुलगी आपल्याच जुन्या वस्तीत नव्याने आलेल्या गोऱ्या कुटुंबाच्या माळ्यावर भाड्याने राहते. या भाडेकरूला कोणता बाजारभाव मिळाला, ते काकांनी सांगावे.

प्रधानकाका: सविनय पुन्हा विचारतो. विकणाऱ्याने पैसे घेतले, तर तक्रार कसली?

निखिल: हा संदेश ग्रुपच्या वर्णनातच टाकून ठेवू या का? 😀

शैला: निखिल, थट्टा पुरे. कोल यांनी प्रकरणांच्या मधे वस्तीच्या ॲपवरचे संदेश दिले आहेत. नवे रहिवासी जुन्या शेजाऱ्यांविषयी संशयाने लिहितात, तेही अगदी सभ्य, काळजीच्या भाषेत. मला पुस्तकातला सर्वांत भयंकर भाग तोच वाटला, आणि वाचताना गेटजवळ बसणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलांवरून याच ग्रुपवर झालेली चर्चा आठवल्याशिवाय राहिली नाही.

प्रधानकाका: त्या मुलांविषयीचा संदेश माझा होता, हे सर्वांना ठाऊक आहे. सुरक्षेचा मुद्दा मांडणे म्हणजे कोणाला वस्तीतून हुसकावणे नव्हे, आणि असे टोमणे वाचनकट्ट्याला शोभत नाहीत.

मृणालिनी: काका, राग मानू नका, पण त्या ॲपवरची माणसेही सुरक्षेचाच मुद्दा मांडत असतात. आपण कादंबरी कुठवर वाचली आहे?

प्रधानकाका: प्रत निखिलकडे अडकली आहे. मिळाल्यावर सविस्तर लिहीन.

निखिल: काका, प्रत गेल्या रविवारीच आपल्या घरी दिली आहे. काकूंनी घेतली.