कार्लाइल चँग 'वाया गेलेला चित्रकार'? साफ असहमत

तैलरंग
'वाया गेलेले चित्रकार' या धाग्यावर 'जहांगीरबाहेर' यांनी त्रिनिदादच्या कार्लाइल चँगची बोळवण चार ओळींत केली आहे. लंडनमध्ये चित्रकला शिकला, इटलीत जाऊन सिरॅमिक शिकला आणि घरी परतून ऐन उमेदीची वर्षं कार्निव्हलचे पोशाख काढण्यात घालवली, नाहीतर आज मोठ्या संग्रहालयांत दिसला असता, असं त्यांचं म्हणणं. खाली लोकांनी 'अरेरे' लिहिलंय. मला ते वाचून राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनचा बँड, म्हणजे कार्निव्हलमध्ये एका विषयाचे पोशाख घालून नाचणारा ताफा, ही शाळेच्या स्नेहसंमेलनातली वेशभूषा नव्हे. शेकड्यांनी माणसं, विभागवार वेगळे रंग, आणि हा सगळा लोंढा भर उन्हात सवाना या मोठ्या मैदानातल्या मंचावरून पुढे सरकणार. लाल कुठे दाटवायचा, सोनेरी किती अंतराने येऊ द्यायचा, वाऱ्यावर कुठलं कापड फुगेल, हे ठरवणारा चित्रकारच असतो. १९६७ मध्ये स्टीफन ली हंगच्या बँडसाठी चँगने 'चायना: द फॉरबिडन सिटी' उभं केलं. चिनी आईबापांचा, त्रिनिदादमध्ये जन्मलेला हा माणूस. त्याने सगळ्या वंशांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना चिनी दरबारात नेऊन उभं केलं आणि ते लोक तो दरबार अंगावर घालून रस्त्यात नाचले. एवढी जागा त्याला कुठलं संग्रहालय देणार होतं?

आणखी एक. १९६२ मध्ये देश स्वतंत्र होताना राजचिन्ह ठरवायला जी समिती बसली, तिच्यात चँग होता आणि जॉर्ज बेलीही होता. बेली तर अस्सल कार्निव्हलवाला. त्या देशाला जे कळलं ते आपल्याला का कळू नये?

जहांगीरबाहेर
माझंच नाव घेतलंत, तर उत्तर देणं आलं. भावना बाजूला ठेवून एकच सांगा: उरलं काय? कार्निव्हलच्या शेवटच्या मंगळवारी रात्री बारा वाजता खेळ खलास, राखेच्या बुधवारी (ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) सकाळी पिसं-मणी गटारात. तुम्ही स्वतः तो १९६७ चा बँड पाहिलाय का? मी नाही. आपण दोघंही फोटोंवर भांडतोय.

याउलट चे लव्हलेस बघा. तोही त्रिनिदादचाच, १९६९ चा जन्म. कार्निव्हलची पात्रं, नाचणारी शरीरं, सगळं त्याच्या चित्रांत आहे. चार बोर्ड जोडून एक चित्र करतो, त्यामुळे मधून आडवी-उभी फट जाते आणि नाचणाऱ्याचा खांदा एका बोर्डावर, कोपर दुसऱ्यावर येतं. ते चित्र पन्नास वर्षांनीही भिंतीवर असेल. कार्निव्हलमधून घ्यावं आणि चित्र करावं. कार्निव्हलमध्ये विरघळून जाऊ नये, इतकंच माझं म्हणणं.

हॅक्नीची_वहिनी
लव्हलेस मलाही आवडतो. पण 'पिसं-मणी' म्हणून हिणवू नका, भाऊ. लंडनमधल्या नॉटिंग हिल कार्निव्हलच्या एका बँडसाठी मी पोशाख बनवायला जाते. आमचा वायर वाकवणारा म्हातारा सेंट लुशियाचा. पक्कड घेऊन बसतो, कागदावर एक रेघ काढत नाही, आणि तासाभरात पंखाचा सांगाडा तयार. मग म्हणतो, घालून चाल. मी चालले की पंख कुठे हेलकावतो ते बघतो आणि एक सांधा सोडवून पुन्हा बांधतो. माणूस चालल्याशिवाय ते काम पुरं होतच नाही. भिंतीवर टांगलेल्या चित्राला ही परीक्षा द्यावी लागत नाही.

आता तुमच्या बाजूचंही बोलते, नाइलाजाने. हल्ली बरेचसे मोठे बँड म्हणजे बिकिनी, पिसं आणि पैसे भरून मिळणारं तयार पाकीट. पोशाख चीनहून खोक्यात येतात. असल्या 'मास'ला (कार्निव्हलच्या वेशभूषेच्या खेळाला) कला म्हणा असा आग्रह मी धरणार नाही.

पणजीकर
वहिनींचं शेवटचं वाक्य काळजाला लागलं. आमच्याकडे पणजीत कार्निव्हलला १९६५ पासून फ्लोटची (सजवलेल्या गाड्यांची) मिरवणूक निघते. त्याआधीचा इंत्रूज (गोव्यातला जुना कार्निव्हल) गल्लीतला होता, पीठ आणि रंगाचं पाणी फेकायचा. आता फ्लोटवर कलाकारापेक्षा जाहिरात मोठी. एकदा आम्ही पोरांनी कागदाच्या लगद्याचे मासे करून ट्रकवर लावले, तर प्रायोजकाच्या माणसाने ऐन वेळी पुढचे सगळे काढायला लावले, का तर फलक झाकला जातो. त्यामुळे रस्त्यावरची कला फार पवित्र असते, असं कुणी सांगू नये. रस्ता ज्याच्या पैशाने चालतो त्याचं तिथे चालतं.

भिंतकाम
जहांगीरबाहेर, तुमचा 'काय उरलं' हा हिशेबच चुकीचा आहे. टिकावं म्हणून भिंतीवर केलेलं तरी कुठे उरलं? त्रिनिदादच्या पिआर्को विमानतळावर चँगचं भलंमोठं भित्तिचित्र होतं, 'द इनहेरंट नोबिलिटी ऑफ मॅन'. १९७९ मध्ये विमानतळ वाढवताना पाडून टाकलं. म्हणजे नाचून संपणारं संपलं आणि कायमचं म्हणून केलेलंही संपलं!

हा विषय निघाला की माझं रक्त उकळतं. मी चित्रकला शिक्षक. एका शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर पोरांना घेऊन पीकपाण्याचं चित्र काढलं होतं. नांगरापासून खळ्यापर्यंत. सुट्टीनंतर शाळा उघडली तर भिंत पिवळीधम्मक, वर एका क्लासची जाहिरात. कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही. सातवीतली एक मुलगी मला म्हणाली, 'सर, माझा बैल गेला.'

कलम५७
सर, वाईट वाटलं. पण कायदा तुम्हाला वाटतो तितका पांगळा नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प होतं. तेही १९७९ मध्येच उखडून गोदामात टाकलं. सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ चा आधार घेऊन त्यांच्या बाजूने निकाल दिला, पाच लाखांची भरपाई दिली आणि उरलेलं शिल्प परत करायला सांगितलं. मालकी सरकारची असली तरी कलाकृतीची मोडतोड करायचा हक्क मिळत नाही.

भिंतकाम
१९७९ ते २००५. निकाल यायला सव्वीस वर्षं आणि हातात आले ते अवशेष. वकीलसाहेब, माझ्या पोरीच्या बैलासाठी मी कुठल्या कोर्टात जाऊ? शिक्षकाने संस्थेवर दावा लावला तर पुढच्या महिन्याचा पगार कोण देणार? कलम वाचून दाखवणं सोपं असतं.

कलम५७
तुम्ही लेखी तक्रार दिली होती का? निदान एक अर्ज? लोक अर्ज करत नाहीत आणि मग व्यवस्थेला शिव्या देतात.

भिंतकाम
तुम्ही खेड्यातल्या संस्थाचालकाला कधी अर्ज दिलाय? दिला असता तर हा प्रश्न विचारला नसता.

तैलरंग
दोघांनाही हात जोडून विनंती, कोर्टाचा वेगळा धागा काढा. इथे चँगबद्दल बोलू.

पणजीकर
का वेगळा काढायचा? हा चँगचाच प्रश्न आहे. चित्र भिंतीवर असो की अंगावर, पुसायचं की ठेवायचं हे ठरवणारा चित्रकार नसतोच. सरांचं बोलणं मध्येच तोडू नका.

हॅक्नीची_वहिनी
पण काही जण ते स्वतःच ठरवतात ना! त्रिनिदादचा कार्निव्हल-कलावंत पीटर मिन्शल याचा १९८३ चा 'रिव्हर' हा बँड घ्या. सोमवारी सगळा बँड पांढऱ्याशुभ्र सुती कपड्यांत. बँडच्या कथेत मॅनक्रॅब हा यांत्रिक खेकडा धुणेवाली या पात्राचा जीव घेतो आणि मंगळवारी त्याच पांढऱ्यावर रंग ओतले जातात, पार चिखल होईपर्यंत. नदी नासली हे सांगायला कपडे नासावेच लागले. जपून ठेवलं असतं तर त्याला अर्थच उरला नसता. जहांगीरबाहेर, याचं कॅन्व्हासवर काय करणार?

जहांगीरबाहेर
'रिव्हर'पुरतं मान्य. चँगला 'वाया गेलेल्यां'तून काढतो, तसं त्या धाग्यावर लिहितोही. पण पिआर्कोचं उदाहरण माझ्याविरुद्ध वापरू नका. ते भित्तिचित्र पाडलं गेलं याचं दुःख आज सगळ्यांना होतं, कारण ते राहायला हवं होतं. मग १९६७ च्या बँडचे पोशाख राहायला नको होते? एक तरी मुकुट, एक तरी झगा नीट घडी घालून ठेवायला कुणाचे हात दुखत होते? 'ती कला क्षणाचीच' म्हणत सगळे मोकळे होतात आणि जपायची जबाबदारी कुणीच घेत नाही.

तैलरंग
जबाबदारीचं म्हणणं पटलं. पण झगा घडी घालून ठेवलात तरी त्याच्या आतली चाल ठेवता येणार नाही, आणि चँगने ती चाल धरूनच तो बेतला होता. काचेच्या कपाटात तो फक्त झगा. त्यामुळे वायर वाकवणारी माणसं आणि त्यांच्याकडून शिकणारी पोरं आधी जपा. कपाट त्यानंतर.

भिंतकाम
कपाटसुद्धा कुणी देत नाही हो. मी संस्थेकडे मागितलं होतं.