‘डॉन’ म्हणजे श्रीयुत? कुठल्या गावी?

कागदकीडा

परवा ‘शब्दरक्षक’ यांनी लिहिलं होतं: “डॉन हा मुळात अत्यंत आदराचा शब्द. युरोपात सगळीकडे त्याचा अर्थ श्रीयुत. आपल्या सिनेमावाल्यांनी आणि पेपरवाल्यांनी त्याचा गुंड केला. शब्द नासवण्यात आपला हात कोणी धरणार नाही.” खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

पहिली गोष्ट, मुळात तिथे आदर नव्हता, मालकी होती. लॅटिन ‘दोमुस’ म्हणजे घर आणि ‘दोमिनुस’ म्हणजे घरधनी; डॉन आला तो या दोमिनुसवरून. त्या घरात गुलामही आले. गुलाम धन्याला दोमिनुस म्हणायचा. म्हणून तर ऑगस्टस बादशहाला ही हाक खपत नसे, आणि पुढे डोमिशियनने ती हट्टाने मारून घेतली, असं रोमन चरित्रकार सांगतात.

दुसरी गोष्ट, ‘सगळीकडे’ म्हणजे नक्की कुठे? स्पेनमध्ये ‘दोन’ (उच्चार आपल्या आकड्यासारखाच) पहिल्या नावाआधी लागतो, नुसत्या आडनावाआधी नाही. आज तो कुठल्याही वयस्कर, भल्या माणसाला लावतात, पण पूर्वी तो राजाकडून मिळवावा लागे. ३० एप्रिल १४९२ च्या सनदेत कोलंबसला कबूल केलं होतं की प्रदेश सापडले तर तुला ‘दोन’ म्हणवून घेता येईल. एवढी त्याची किंमत! ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीच्या दुसऱ्या भागात (१६१५) सांचो आपल्या धन्याला गावातली कुजबुज सांगतो ना, तीही हीच: चार द्राक्षवेली आणि दोन औतांची जमीन, आणि हा स्वतःच स्वतःला ‘दोन’ लावून बसला.

पोर्तुगालमध्ये ‘दों’ राजाला आणि बिशपला. साध्या माणसाला कितीही मान द्यायचा झाला तरी ‘सेन्योर’. फ्रान्समध्ये मठातल्या संन्याशाला. शॅम्पेनच्या बाटलीवरचे दों पेरिन्यों हे बेनेडिक्टाईन संन्यासी होते. ऑक्सफर्ड-केंब्रिजात डॉन म्हणजे कॉलेजातला प्राध्यापक. स्कॉटलंडमध्ये ‘डॉमिनी’ म्हणजे शाळामास्तर, नेदरलँड्समध्ये ‘डोमिने’ म्हणजे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक. एकाच लॅटिन हाकेची ही लेकरं. यातला श्रीयुत कोण ते सांगा.

आणि गुंड? इटलीत ‘डॉन’ हा आधी पाद्री. डॉन बॉस्को (१८१५–१८८८) तुरिनचे पाद्री. दक्षिणेत मात्र नेपल्स-सिसिलीवर स्पेनची राजवट दीर्घकाळ होती, तिथे गावचा जमीनदार, मातब्बर माणूसही डॉन. मग माफियाचा म्होरक्या गावचा मातब्बर झाला, तेव्हा तोही डॉन. सिसिलीतल्या विलाल्बा गावचा म्होरक्या कालोजेरो विझ्झिनी १९५४ साली मेला, तो लोकांच्या तोंडी ‘डॉन कालो’च होता. हिंदी ‘डॉन’ १९७८ चा. तेव्हा गुंड आपल्याकडे जन्मला नाही, आयता आला.

शब्द नासत नसतो हो. ज्या गावात ज्याच्या हाती सत्ता, त्याच्या नावाला तो जाऊन चिकटतो. कुठे राजा, कुठे मठ, कुठे कॉलेज, कुठे बंदूक.

शब्दरक्षक

माहिती भरपूर दिलीत, पण माझा मुद्दा बाजूला राहिला. विलाल्बाचे लोक त्याला डॉन म्हणत ते तो गुंड होता म्हणून नव्हे. त्याच गावात पाद्रीही डॉनच. तिथे शब्दातला मान शाबूत होता, माणूस वाईट होता. मराठीत काय झालं? मान गेला आणि नुसता गुन्हेगार उरला. उद्या कोणी सभेत ‘डॉन देशपांडे’ म्हणालं तर अब्रूनुकसानीचा दावा लागेल. याला नासणं नाही तर काय म्हणायचं? आणि अमेरिकेलाही मी सोडलेलं नाही. ‘गॉडफादर’मधला ‘डॉन कोर्लिओने’, हे आडनावाआधी डॉन लावणं तिथलंच. सिसिलीत डॉन वितो म्हटलं असतं.

माटुंगेकर

शब्दरक्षक, आडनावाचं एवढं ताणू नका. डॉन बॉस्को हेही आडनावच आहे. पाद्र्यांना इटलीत तसंच लावतात.

माझं शिक्षण माटुंग्याच्या डॉन बॉस्कोत. आजी साताऱ्याहून आली की शेजारणीला शाळेचं नाव सांगायची नाही, ‘फादरांची शाळा’ म्हणायची. तिला वाटायचं पोराला कुठल्या भाईच्या शाळेत घातलंय. वडिलांनी समजावलं तरी पटलं नाही. म्हणजे शब्दरक्षक म्हणतात ते आमच्या घरात घडलेलं आहे, हे मान्य.

पण एक सांगा, ‘दादा’ कोणी नासवला? ‘भाई’ कोणी नासवला? थोरल्या भावाची हाक, आणि लालबाग-परळला दादा म्हणजे कोण हे सांगायला नको. तरी घरोघरी थोरला भाऊ दादाच आहे. दोन्ही अर्थ एकाच चाळीत सुखाने नांदतात. डॉनचं दुसरं घर मराठीत नव्हतंच, म्हणून एकच अर्थ उरला.

चौथी_ब

एवढे सगळे पुरुषांच्या पदव्यांवर बोलताय म्हणून लिहिते. मी तीस वर्षांवर मराठी शाळेत शिकवलं. नोकरीला लागले तेव्हा मुलं ‘बाई’ म्हणायची. पुढे एका मुख्याध्यापकांनी फतवा काढला, यापुढे ‘मॅडम’. कारण काय, तर पालकांना ‘बाई’ गावठी वाटतं. त्या दिवसापासून मुलं आणि आमच्यात एक टेबल आलं ते कायमचंच. अहिल्याबाई, ताराबाई, पंडिता रमाबाई, यांच्या नावातली ही बाई! तिला आपण घालवली आणि परक्यांची मॅडम आणली. नासवणं बघायचं असेल तर हे बघा. डॉन गेला उडत.

कागदकीडा

बाई, विषय सुटलेला नाही. मॅडम म्हणजे फ्रेंच ‘मा दाम’, माझी धनीण. दोमिनुसचं स्त्रीरूप दोमिना, तिचीच ही फ्रेंच लेक. आपल्या प्रत्येक शाळेत आणि बँकेत डॉनची बायको बसलेली आहे. आणि काही शाळांतली ‘मिस’ ज्या ‘मिस्ट्रेस’वरून आली, तिचं मूळ ‘मागिस्तेर’, म्हणजे चक्क गुरुजी.

चौथी_ब

मूळ काही असो, माझ्या वर्गात तिने काय केलं ते मी सांगितलं.

लॅपटॉपवाली

चौथी_ब, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते, पण चिडूनच लिहिते. ‘बाई’ तुमच्या पिढीला गोड. मी पुण्यात साइटवर इंजिनिअर आहे. पहिल्याच आठवड्यात एका ठेकेदाराने माझ्यासमोर मुकादमाला विचारलं, “साहेब कधी येणार? ही बाई कोण?” माझ्या हातात ड्रॉइंग, डोक्यावर पांढरं हेल्मेट. आमच्या सोसायटीच्या रजिस्टरमध्ये धुणंभांडी करणाऱ्यांचा रकाना ‘बाई’ असा आहे. पुरुषाला साहेब आणि मला बाई हे मी का चालवून घ्यावं? मॅडम म्हटल्यावर निदान समोरचा सरळ उभा राहतो.

चौथी_ब

म्हणजे धुणंभांडी करणारीला जो शब्द लागला तो तुम्हाला नको, असंच ना? दोष शब्दाचा नाही, तुमच्या सोसायटीच्या नजरेचा आहे.

लॅपटॉपवाली

नजर बदलायला शंभर वर्षं लागतील, मला उद्या सकाळी साइटवर जायचंय.

मडगांवकार

तुमचं बाई-मॅडम चालू दे, पण ‘दों’वर एक शब्द. कागदकीडा यांनी पोर्तुगालचा दों राजाचा आणि बिशपचा म्हणून सोडून दिला. इथे पूर्वेकडे तो बाप्तिस्म्याबरोबर वाटला गेला. श्रीलंकेतल्या कोट्टेचा राजा धर्मपाल ख्रिस्ती झाला आणि ‘दों जुआंव’ झाला. तिथे आजही ‘डॉन’ हा नावाचा भाग असतो; त्यांचे पहिले पंतप्रधान डी. एस. सेनानायके म्हणजे डॉन स्टीफन. त्या माणसाला ना कोणी गुंड म्हणतं ना श्रीयुत. राज्यकर्ता निघून गेला, त्याची खूण नावात राहिली. खुद्द वास्को द गामालासुद्धा दों लावायचा हक्क पहिल्या सफरीहून परतल्यावर मिळाला, आणि त्या सफरीची किंमत कोणी मोजली ते मी सांगायला नको. तेव्हा ‘अत्यंत आदराचा’ वगैरे वाचलं की आमचं डोकं फिरतं.

बायकांचं उलट. ‘दोना’ पोर्तुगीजमध्ये कुठल्याही बाईला. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या शिंपीणबाई शेवटपर्यंत दोना होत्या, पण त्यांच्या नवऱ्याला कोणी चुकूनही दों म्हटलं नसतं. आणि ‘दोनु’ म्हणजे आजही मालक, घराचा, दुकानाचा, कुत्र्याचासुद्धा. दोमिनुसचा जुना अर्थ तिथे तसाच्या तसा आहे.

क्लुजवासी

रुमानियाला विसरू नका. इथे ‘दोम्न’ खरोखर श्रीयुत आहे, शब्दरक्षक यांना एक तरी देश मिळाला. ऑफिसात मला ‘दोम्नुले इंजिनेर’ म्हणतात, इंजिनिअरसाहेब म्हणावं तसं. पण मोल्दाविया आणि वालाकियाचे राजेही दोम्नच. ‘दुम्नेझेऊ’ म्हणजे परमेश्वर, तो ‘दोमिने देऊस’मधून आला. आणि ‘आपण’ या अर्थाचं ‘दुम्नेआवोआस्त्रा’ हे सर्वनामही त्याच घरातलं, शब्दशः ‘आपलं धनीपण’. देव, राजा, शेजारी आणि ‘आपण’, चौघांना एकच मूळ. सुरुवातीला बेकरीत ‘तू’ म्हणून बसलो होतो, तेव्हा घरमालकिणीने हे सर्वनाम माझ्याकडून घोकून घेतलं.

शब्दरक्षक

बरं. ‘सगळीकडे’ हा शब्द मी मागे घेतो, रुमानिया आणि स्पेन ठेवतो. सिसिलीचंही मान्य, वादापुरतं. पण दादा आणि भाई वाचले याचं कारण घरात ते रोज वापरले जातात, माटुंगेकरांनीच सांगितलं. मग आयता आलेला शब्द एकाच अर्थाने वापरला तर तो एकांगी होतो, एवढं तुम्हीही माना.

कागदकीडा

एकांगी म्हणा, मानतो. नासका म्हणू नका. फ्रेंचांनी संन्याशापुरता ठेवला तोही एकांगीच, त्यांना कोणी बोल लावत नाही.

जाता जाता बाईंच्या वादात भर घालतो, रागावू नका. इटालियनमध्ये दोमिनाची ‘दोन्ना’ झाली. एकेकाळची घरधनीण, आज नुसती स्त्री. आणि ‘दोन्ना देल्ले पुलित्सिए’ म्हणजे साफसफाईला येणारी बाई. मालकिणीपासून कामवालीपर्यंतचा प्रवास त्यांच्याकडेही झाला.

चौथी_ब

मग इटालियन बायकांनी शब्द टाकून दिला का? नाही ना?

लॅपटॉपवाली

हाक मारताना टाकलाच की. समोरच्या बाईला तिथे कोणी ‘दोन्ना’ म्हणत नाही, ‘सिन्योरा’ म्हणतात.