मदत हवी आहे: ऑस्ट्रेलिया ट्रिपला गरम कपडे लागतील का?

अनघा_ठाणे: नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा, तिकिटं आज-उद्यात काढायचीयेत. मुलांच्या सुट्टीत ऑस्ट्रेलियाला चाललोय, सासूबाई आणि बाबा पण आहेत. डार्विन, काकाडू (नॅशनल पार्क), उलुरू (वाळवंटातला तो प्रचंड खडक), केर्न्स आणि शेवटी मेलबर्न, मधला प्रवास भाड्याच्या गाडीने. प्रश्न एवढाच की स्वेटर-जॅकेट न्यायचं का, बॅगेला वजनाची मर्यादा आहे.

प्रसाद_वाकड: सुट्टी कुठली, मे, दिवाळी की नाताळ? तिकडे ऋतू उलटे. आणि दिवस किती?

शिरीष_मेलबर्न: मेलबर्नसाठी एक जॅकेट घ्याच, महिना कुठलाही असो. भर जानेवारीत सकाळी वाळवंटावरून उत्तरेचा वारा येतो, पारा चाळिशीला टेकतो, आणि दुपारी दक्षिणेचा वारा फिरला की थोड्या वेळात पंधरा अंश खाली. पण गाडीने?? डार्विन ते ॲलिस स्प्रिंग्ज दीड हजार किमी, पुढे उलुरू अजून साडेचारशे. देश भारताच्या दुपटीहून मोठा आहे हो.

अनघा_ठाणे: नाताळची सुट्टी, दोन आठवडे. कपड्यांचं सांगा ना प्लीज.

सह्याद्रीवेडा: हे सगळं सोडा आणि दक्षिणेचं टास्मानिया बेट करा. डिसेंबरात हवा मस्त, क्रेडल माउंटनला चालायला स्वर्ग. आम्ही तेच केलं.

मीनाक्षी_डार्विन: नाताळात डार्विन म्हणजे भर पावसाळा, नोव्हेंबर ते एप्रिल. काकाडूत जिम जिम धबधब्याचा रस्ता बंद असतो, नद्या पसरतात आणि त्यांच्याबरोबर मगरी पण. काकाडूसाठी जून-जुलै बघा. केर्न्सलाही नाताळात पाऊस आणि समुद्रात विषारी जेलीफिश, जाळी लावलेल्या भागातच किंवा अंगभर सूट घालून उतरायचं.

सह्याद्रीवेडा: पावसातच तर धबधबे बघायचे ना, आपण कोकणात जात नाही का?

मीनाक्षी_डार्विन: अहो तिथे जायला रस्ताच नसतो तेव्हा, छोट्या विमानातून वरून दाखवतात. वयस्कर माणसं आहेत बरोबर, असं काहीतरी सांगू नका.

भूगोल_शिक्षक: केर्न्सला एवढा पाऊस का ते बघा. पूर्वेला ग्रेट डिव्हायडिंग रेंज आहे, समुद्रावरचं बाष्प तिच्यावर अडतं, आपल्या घाटमाथ्यासारखंच, म्हणून केर्न्सजवळ घनदाट जंगल. आत जाल तसं कोरडं होत जातं. आणि त्याच रांगेत दक्षिणेला कोशिउस्को शिखर (२२२८ मी.), तिकडे जुलैत लोक स्कीइंग करतात.

रोहिणी_पर्थ: खाऊचं कुणी बोललं नाही म्हणून सांगते, लोणचं, मसाले, तूप जे काही असेल ते विमानातल्या कार्डावर लिहा. लपवलं तर जबर दंड.

अनघा_ठाणे: खाऊचं विचारलंच नव्हतं पण बरं झालं. म्हणजे डार्विन-काकाडू काढूनच टाकू? उलुरू तरी राहू दे, बाबांना वर चढायचंय.

शिरीष_मेलबर्न: चढणं ऑक्टोबर २०१९ पासून कायमचं बंद आहे, तिथल्या मूळच्या अनांगू लोकांसाठी ती पवित्र जागा. खालून फेरी आहे साधारण दहा किमीची, पण डिसेंबरात उन्हामुळे पहाटे निघून अकराच्या आत उरकायची, तीही अख्खी नको, थोडासाच भाग. माश्या तोंडावर बसतात, जाळीची टोपी घ्या. बाबांचं वय काय, तब्येत कशी आहे?

अनघा_ठाणे: ७४, बीपीची गोळी चालू आहे. उलुरूला थेट विमान कुठून मिळेल?

शिरीष_मेलबर्न: सिडनी किंवा मेलबर्नहून. मग मेलबर्न आधी घ्या, तिथून उलुरू, केर्न्स शेवटी. जॅकेट माणशी एकच, बाकी सुती लांब बाह्यांचे.