‘सोल’ गायकीला मराठीत काय म्हणावे? अरीथा फ्रँकलिनच्या निमित्ताने शब्दचर्चा

विचारणा

अमेरिकी गायिका अरीथा फ्रँकलिन (१९४२–२०१८) हिच्यावर मराठीत एक दीर्घ लेख लिहिताना काही शब्दांपाशी अडायला होत आहे. ‘सोल’ या कृष्णवर्णीय अमेरिकी गानप्रकाराला ‘आत्मसंगीत’ म्हणावे, ‘भावसंगीत’ म्हणावे, की मूळ शब्दच ठेवावा, हा पहिला प्रश्न. तिथल्या चर्चमधल्या ‘गॉस्पेल’ गाण्याला ‘भक्तिसंगीत’ म्हटले तर चालेल का, हा दुसरा. शिवाय तिच्या गाण्यातले एकाच अक्षरावर अनेक स्वर फिरवणे आणि मागे साथ करणाऱ्या गायिकांनी ओळ उचलून धरणे यांसाठी आपल्याकडे रुळलेले शब्द असतील, तर ते वापरावेत असे वाटते. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

‘आत्मसंगीत’ टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे. मराठीत ‘आत्म’ हे पूर्वपद आले की एक तर ‘स्वतःचे’ हा अर्थ पुढे येतो (आत्मचरित्र, आत्मस्तुती, आत्मवंचना), नाही तर शब्द थेट वेदान्तात जाऊन बसतो (आत्मज्ञान, आत्मसाक्षात्कार). अरीथाचे गाणे या दोन्हींपैकी कशातच बसत नाही आणि ‘आत्मसंगीत’ वाचून वाचकाच्या कानांत ध्यानवर्गातली बासरी वाजू लागेल. ‘भावसंगीत’ या शब्दाला तर आपल्याकडे भावगीतांचा पक्का वास आहे. तो पुसून दुसरा अर्थ भरता येणार नाही.

‘सोल’ हा शब्द गाण्याला कसा चिकटला, ते पाहिले तर त्याचा अनुवाद का अवघड आहे हे कळते. कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांना अमेरिकेतील व्यापारी मंडळी दीर्घ काळ ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या साप्ताहिकाने ते नाव काढून ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव घेतले. हे नाव सुचवणारा तिथला बातमीदार म्हणजे जेरी वेक्सलर. पुढे हाच माणूस ॲटलांटिक या तबकड्यांच्या कंपनीत निर्माता झाला आणि १९६७ पासून अरीथाची सर्वांत गाजलेली ध्वनिमुद्रणे त्याच्या हातून झाली. ऑगस्ट १९६९ मध्ये ‘बिलबोर्ड’ने त्याच यादीचे नाव बदलून ‘सोल’ केले. म्हणजे वीस वर्षांत बाजारातल्या एकाच कप्प्यावर तीन पाट्या लागल्या, आणि त्यांतली शेवटचीच काय ती त्या समाजाच्या स्वतःच्या बोलीतून आलेली होती.

त्या बोलीत ‘सोल’चा अर्थ गाण्यापुरता नव्हता. घरच्या पारंपरिक जेवणाला ‘सोल फूड’ म्हणत आणि आपल्यातल्या माणसाला ‘सोल ब्रदर’. जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइटमध्ये दंगलीचा मोठा उद्रेक झाला, तेव्हा अनेक कृष्णवर्णीय दुकानदारांनी आपल्या काचांवर ‘सोल ब्रदर’ अशी अक्षरे रंगवली होती. दुकान आपल्यातल्याचे आहे, त्याला हात लावू नका, एवढेच त्यांना सांगायचे होते. अरीथा त्याच शहरात वाढली आणि तिचे ‘रिस्पेक्ट’ हे गाणे त्याच उन्हाळ्यात, जूनमध्ये, देशात पहिल्या क्रमांकावर होते. काचेवरच्या त्या अक्षरांचा अर्थ ‘आत्मा’ या शब्दात कोठेच सापडत नाही. तेव्हा ‘सोल’च ठेवावे.

प्रतिसाद

तत्त्वतः सहमत आहे. मात्र एक व्यावहारिक अडचण नोंदवतो. नुसते ‘सोल’ लिहिले तर मराठी वाचकाला आधी बुटाचा सोल आठवतो, आणि स्वयंपाकघरात वाढलेल्या माणसाला ‘लसूण सोल’ हे फर्मान. ‘ती सोल गाते’ हे वाक्य मराठीत उभेच राहत नाही. म्हणून पहिल्या उल्लेखापासून ‘सोल संगीत’, ‘सोल गायकी’ अशी जोड देऊनच लिहावे. त्यातही ‘गायकी’ मला अधिक पटते, कारण सोल म्हणजे गाण्यांचा संग्रह नसून गाण्याची रीत आहे. तेच गाणे दुसऱ्या रीतीने गायले की ते सोल राहत नाही.

प्रतिसाद

‘गॉस्पेल’बद्दल लिहितो, कारण अरीथाच्या बाबतीत सगळे तिथूनच सुरू होते. मराठी ख्रिस्ती परंपरेत या शब्दाला ‘शुभवर्तमान’ हा प्रतिशब्द दीर्घकाळ रूढ आहे. मराठी बायबलमध्ये चारही ग्रंथांची नावे ‘मत्तयकृत शुभवर्तमान’ अशा पद्धतीचीच आहेत. तरीही ‘शुभवर्तमान संगीत’ असे लिहू नये. मराठी चर्चमधली गीते ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून गातात आणि त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनेही आहेत. मराठी ख्रिस्ती वाचकाला ‘शुभवर्तमान संगीत’ म्हटले की हीच गीते आठवतील. अमेरिकी कृष्णवर्णीय चर्चमधले गॉस्पेल हे त्याहून अगदी वेगळे, विसाव्या शतकात शहरांमध्ये घडलेले संगीत आहे: टाळ्यांचा ठेका, पियानो आणि ऑर्गन, गायकवृंद, आणि प्रवचन चढत चढत गाण्यात कधी मिसळले हे कळू न देणारी लय. ‘भक्तिसंगीत’ म्हटल्याने यातले काहीच पोहोचत नाही. ‘गॉस्पेल’च लिहावे आणि पहिल्या उल्लेखाला एक वाक्य खर्च करावे.

अरीथाचे वडील सी. एल. फ्रँकलिन हे डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाळक (धर्मगुरू). त्यांची प्रवचने रेडिओवर ऐकवली जात आणि त्यांच्या तबकड्याही खपत. प्रवचनाच्या शेवटाकडे ते जवळजवळ गाऊ लागत. आई बार्बरा स्वतः उत्तम गात असे. ती अरीथाच्या लहानपणीच वेगळी राहू लागली आणि १९५२ मध्ये, अरीथाला दहावे पूर्ण होण्याआधीच, वारली. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांत महालिया जॅक्सन, क्लारा वॉर्ड, जेम्स क्लीव्हलँड अशी गॉस्पेलमधली मोठी माणसे होती. पियानो ती बहुतांशी कानानेच शिकली. चौदा वर्षांची असताना, १९५६ मध्ये, तिचे पहिले ध्वनिमुद्रण झाले ते वडिलांच्याच चर्चमध्ये.

लेखात एका गोष्टीची काळजी घ्यावी. ‘तिने चर्च सोडून लौकिक संगीताची वाट धरली’ असे वाक्य सहज लिहून होते, आणि ते तिच्यापुरते खोटे आहे. १९६० मध्ये ती कोलंबिया कंपनीकडे गेली. तिथे सहा वर्षे तिच्याकडून जॅझच्या आणि नाटकांतल्या जुन्या गाण्यांची, तंतुवाद्यांच्या ताफ्यासह, नीटनेटकी ध्वनिमुद्रणे करवून घेण्यात आली. गळा तोच होता, पण नाव म्हणावे तसे झाले नाही. पुढे वेक्सलरने केले ते सांगायला सोपे आहे: तिला पियानोवर बसवले आणि चर्चमध्ये गाते तशी गाऊ दिले. २४ जानेवारी १९६७ रोजी अलाबामा राज्यातील मसल शोल्स या छोट्या गावातल्या स्टुडिओत हे झाले. वादक स्थानिक, गोरे. आधी बराच वेळ गाण्याचा ठाव लागेना, मग स्पूनर ओल्डहॅमला इलेक्ट्रिक पियानोवर एक छोटी अडखळती चाल सापडली आणि गाणे जागेवर बसले. त्या दिवशी एकच गाणे पूर्ण झाले. नंतर तिचा नवरा आणि एक वादक यांच्यात भांडण जुंपले, मंडळी पांगली आणि उरलेले काम न्यूयॉर्कमध्ये उरकावे लागले. पण रीत सापडली होती, आणि ती रीत गॉस्पेलची होती. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये तिने दोन रात्री गॉस्पेल गायले, तेव्हा वडिलांनी सर्वांसमोर हेच सांगितले, की हिने चर्च कधी सोडलेच नाही.

प्रतिसाद

मागच्या गायिकांसाठी मराठीत ‘झील’ हा अस्सल शब्द असताना ‘कोरस’ किंवा ‘साथ’ कशाला? शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी ती उचलतात, ताणतात, प्रसंगी शाहिराला उत्तर देतात. चर्चमध्ये पाळक आणि मंडळी यांच्यात हेच चालते आणि अरीथाच्या तबकड्यांतही हेच आहे. ‘रिस्पेक्ट’ हे मूळचे ओटिस रेडिंग या गायकाचे गाणे. त्याने ते १९६५ मध्ये गायले, तेव्हा त्यात एक दमून घरी आलेला पुरुष बायकोकडे मान मागत होता, आणि झीलही फारशी नव्हती. १४ फेब्रुवारी १९६७ रोजी अरीथाने ते न्यूयॉर्कमध्ये गायले आणि तिच्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा मागे उभ्या राहिल्या. ‘रिस्पेक्ट’ या शब्दाची सात इंग्रजी अक्षरे एकेक करून, ठणकावून म्हणण्याची जागा रेडिंगच्या गाण्यात नाही. ती या बहिणींच्या घरातली भर आहे. मागणारी आता बाई आहे, आणि तिच्या पाठीशी आणखी बायका आहेत. शब्द फारसे बदललेले नाहीत. अर्थ उलटला तो कोण गाते यामुळे आणि झिलीमुळे.

याच गाण्याच्या नावाचा अर्थ देताना ‘आदर’ लिहू नये, ‘मान’ लिहावा. आदर मनात असतो, तो मागून मिळत नाही. मान द्यावा लागतो, राखावा लागतो, आणि न दिल्यास त्यावरून लग्नमंडपात रुसवेफुगवेही होतात. गाण्यातली बाई मनातल्या भावनेची चौकशी करत नाही. ती देणे वसूल करते आहे. (अरीथाच्या व्यवहारातही हे होते. बिदागी रोख आणि आधी घ्यायची आणि ती ज्या पर्समध्ये असे ती पर्स रंगमंचावर नजरेसमोर ठेवायची, ही तिची पद्धत सर्वश्रुत होती. आधीच्या पिढीतल्या कृष्णवर्णीय कलावंतांना आयोजकांनी किती वेळा बुडवले होते हे ठाऊक असलेल्या बाईचा हा शहाणपणा होता, तऱ्हेवाईकपणा नव्हे.) हे गाणे नागरी हक्कांच्या चळवळीने आणि स्त्रियांच्या चळवळीने आपले मानले. घराचा चळवळीशी संबंध जुना होता; जून १९६३ मध्ये डेट्रॉइटमध्ये निघालेल्या मोठ्या मोर्चाच्या आयोजकांत तिचे वडील होते आणि मार्टिन ल्यूथर किंग त्यात चालले होते.

प्रतिसाद

एका अक्षरावर अनेक स्वर फिरवण्याला पाश्चात्त्य परिभाषेत ‘मेलिस्मा’ म्हणतात. त्याला सरसकट ‘तान’ म्हणू नये. तान म्हटली की आपल्याला वेग आणि बांधणी अपेक्षित असते. अरीथाच्या बाबतीत निदान तीन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. ओळीच्या शेवटी पटकन घेतलेले वळण ही ‘हरकत’ किंवा ‘मुरकी’. एकाच शब्दावर रेंगाळत, श्वास टाकत केलेला विस्तार याला ‘आलापी’च्या जवळचे काहीतरी म्हणावे लागेल, १९७२ च्या त्या चर्चमधल्या ध्वनिमुद्रणात ‘अमेझिंग ग्रेस’ हे चार ओळींच्या कडव्यांचे साधे स्तोत्र जवळजवळ अकरा मिनिटे चालते, ते याच्याच जोरावर. आणि तिसरी म्हणजे वरच्या पट्टीत अचानक फुटणारी हाक. तिला ‘किंचाळी’ म्हणणे अन्यायाचे आहे; ठुमरीत आणि ख्यालात जिला ‘पुकार’ म्हणतात, तो शब्द येथे चपखल बसतो, कारण पुकारीत समोर कोणी तरी ऐकणारा गृहीत असतो.

प्रभावाविषयी लिहिताना आणखी एक मराठी शब्द कामी येईल: ‘गलेबाजी’. अरीथानंतरच्या दोन पिढ्यांनी तिच्या हरकती घेतल्या, पण त्या कशासाठी घेतल्या जातात हे पुष्कळांनी घेतले नाही. दूरचित्रवाणीवरच्या गायनस्पर्धांत राष्ट्रगीताच्या प्रत्येक अक्षरावर पाच-सात स्वर लावण्याची जी चाल पडली आहे, ती गलेबाजी. अरीथा बराच वेळ सरळ, जवळजवळ बोलल्यासारखी गाते आणि जिथे शब्दाला वजन हवे तिथेच वळण देते. शिवाय ती स्वतः पियानो वाजवत असल्याने तिचा गळा आणि डावा हात यांच्यात सतत काही देवाणघेवाण चाललेली असते. केवळ गळ्याची नक्कल करणाऱ्याला ती ऐकूही येत नाही.

वारसा दाखवायचाच असेल तर झिलीतून दाखवावा. १९६८ च्या ‘एन्ट नो वे’ या गाण्यात (हे बहीण कॅरोलिनने लिहिलेले) अरीथाच्या मागे एक अतिशय उंच, विनाशब्द आवाज तरंगत असतो. तो सिसी ह्यूस्टनचा. पुढे जगभर गाजलेली व्हिटनी ह्यूस्टन ही तिची मुलगी. ही परंपरा कोणत्या घरांतून आणि कोणत्या चर्चमधून पुढे गेली, ते या एका उदाहरणातून वाचकाला दिसेल. नावांची लांबलचक यादी देण्याची गरज पडणार नाही.

विचारणा करणाऱ्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. ‘सोल गायकी’, ‘गॉस्पेल’, ‘झील’, ‘मान’, ‘पुकार’ हे शब्द घेतो. आता ‘क्वीन ऑफ सोल’चे काय करावे? ‘सोलसम्राज्ञी’ लिहून पाहिले, पण ते वाचवत नाही. आणि तिचे नाव अरेथा, अरिथा की अरीथा?

प्रतिसाद

‘सम्राज्ञी’ हे उत्तरपद आपल्याकडे गानसम्राज्ञी, लावणीसम्राज्ञी असे आदरार्थी विशेषण म्हणून स्थिरावले आहे, त्यामुळे अर्थाला अडचण नाही. अडचण ‘सोल’ आणि संस्कृत शब्द यांच्या सामासिक लग्नाची आहे. ‘सोल गायकीची राणी’ लिहावे. तिला ही पदवी समीक्षकांनी दिलेली नव्हती. शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये पर्व्हिस स्पॅन या रेडिओ निवेदकाने भर कार्यक्रमात तिच्या डोक्यावर खराखुरा मुकुट ठेवला होता. अशा प्रसंगाला ‘राणी’ हाच शब्द शोभतो. मानसन्मानांची जंत्री थोडक्यात आटोपावी: अठरा ग्रॅमी, १९८७ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये प्रवेश मिळालेली पहिली स्त्री, आणि मृत्यूनंतर २०१९ मध्ये पुलित्झर मंडळाचा विशेष गौरव.

नावातला दुसरा स्वर दीर्घ आहे आणि उच्चारात आघात त्याच्यावरच पडतो, म्हणून ‘अरीथा’. घरची माणसे तिला ‘री’ म्हणत, आणि ‘रिस्पेक्ट’मध्ये तिच्या बहिणी झील धरताना ‘री, री, री, री’ हेच अक्षर घोळवतात. ‘अरेथा’ लिहिले तर वाचकाला या जागेची गंमत सांगता येणार नाही.