फुकटचा खाऊ आणि 'आळशी' आईबाप : बंदरामागच्या वस्तीतील लहान मुलांविषयी

दर्याकाठ
'आमराई' यांनी गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर असे मत मांडले की, रत्नागिरीत बंदरामागच्या वस्तीत अंगणवाडीचा खाऊ, रेशन, बाळंतपणाचे पैसे असे सगळेच फुकट मिळू लागल्याने आईबापांनी जबाबदारी झटकली आहे, पोरे जेटीवर मोकाट फिरतात, तेव्हा आधी त्यांना शिस्त लावावी आणि मग मदतीचे बघावे. त्याखाली माना डोलावणारेच अधिक दिसले, म्हणून वेगळा धागा काढते.

हे फुकट म्हणजे नेमके किती, ते तरी पाहू. अंगणवाडीतील मुलाच्या पूरक आहारासाठी २०१७ साली ठरलेला दर दिवसाला ८ रुपये आहे. त्यात ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने बसवायची. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी आणि नोंदणी, तपासणी, लसीकरण यांचे कागद दाखवल्यावर. एवढ्यावर एखादे कुटुंब ऐषारामात लोळत असेल, तर त्यांच्याकडून आपणच संसार शिकायला हवा.

मी त्या वस्तीत ओळखीच्या बाईंबरोबर गेले होते. कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये बायका बर्फात हात घालून बसल्या होत्या. मजुरी किलोवर, त्यामुळे मान वर करायला कोणाला सवड नव्हती. कोपऱ्यात मासळीच्या रिकाम्या क्रेटमध्ये गोणपाट टाकून दोनेक वर्षांचे मूल झोपवले होते. शेजारी सात-आठ वर्षांची बहीण क्रेटला पाय लावून बसली होती, कारण फरशीला उतार होता आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर क्रेट सरकत होता. ती मुलगी शाळेत का नाही, हे विचारायला शिस्तीचे भाषण लागत नाही. बोटी लागतील तेव्हा काम सुरू होते आणि माल संपेल तेव्हा संपते, अंगणवाडी मात्र सकाळचे चार-पाच तास चालते. उरलेल्या वेळात मूल कोणाकडे द्यायचे, हा खरा प्रश्न आहे. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास चालणारे पाळणाघर अपेक्षित आहे. आपल्या बंदरावर ते का नसावे?

आमराई
ताई, तुमचे लेखन छान असते, पण क्रेटमधले मूल दाखवून वाद जिंकता येत नाही. माझी बाग आहे आणि मोसमात गडी लागतात. एका गड्याच्या बायकोच्या खात्यात बाळंतपणाचे पैसे आले, आणि चार दिवसांत नवऱ्याने ते गुत्त्यावर उडवले. मी डोळ्यांनी पाहिले आहे. दुसरे असे की, ही वस्ती कोणाची? खलाशी नेपाळचे, खडी फोडणारे कर्नाटकातले. आमच्या वाडीतली मराठी शाळा पट नाही म्हणून बंद पडायच्या बेतात आहे, आमच्या पोरांना तीन किलोमीटर चालावे लागते, त्याबद्दल कोणी धागा काढत नाही. स्थानिकांनी कर भरायचा आणि बाहेरच्यांच्या मुलांना पाळणाघर, हा कुठला न्याय?

निवृत्त मास्तर
आमराई, आपण कोकणी माणसांनी 'बाहेरचे' हा शब्द जरा जपून वापरावा. माझे वडील आणि आई दोघेही परळला गिरणीत होती. कारखाना कायद्याचा बडगा होता म्हणून गिरणीला पाळणाघर ठेवावे लागे, आणि मी त्या पाळणाघरात वाढलो. तिथल्या बाई दुपारी दूध पाजून सगळ्यांना सतरंजीवर ओळीने झोपवीत. त्या काळी मुंबईतही आम्हाला 'घाटावरचे, कोकणातले, आले गर्दी करायला' असे म्हणणारे होतेच. निम्मे तळकोकण मनीऑर्डरीवर जगले आणि आज नेपाळ्याचे मूल आपल्याला जड होते! तुमची बाग रात्री राखतो तो कोण आहे, हेही एकदा लिहा.

आणि अंगणवाडी ही काही दिल्लीने वरून पाठवलेली गोष्ट नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला, आपल्याच किनाऱ्यावर, हा प्रयोग केला. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आईबापांना शिस्त लावायला त्या थांबल्या नाहीत. सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर तीस वर्षांनी, १९७५ ला आली.

आमराई
मास्तर, राखणदाराला मी पगार देतो, उपकार मागत नाही. आणि गिरणीचे पाळणाघर गिरणीमालक चालवत होता, करदाता नव्हे. हा फरक तुम्ही सोयीने गाळलात.

पदर खोचून
मी स्वतः अंगणवाडी सेविका आहे, म्हणून आतले सांगते. वेळ वाढवा असे सर्वांनाच वाटते, पण ती वाढवायची कोणी? केंद्राने ठरवलेले मानधन २०१८ पासून ४५०० रुपयांवर अडले आहे. ४ डिसेंबर २०२३ पासून आम्ही पन्नासहून अधिक दिवस संपावर होतो, तेव्हा आमच्या बाजूने लिहिणारे येथे किती जण होते, ते मला आठवते. आता पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर चेहरा जुळवल्याशिवाय घरी न्यायचा आहार देता येत नाही. पहाटे बंदरावर गेलेल्या बाईने फोटोसाठी अंगणवाडीत यायचे, म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचे. मग ती येत नाही, आणि ते पाकीट माझ्या कपाटात राहते. पाकीट मिळालेच तरी त्यातील पीठ मुले तोंडात घेत नाहीत. ते कुठे जाते, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

खाडीपलीकडे
म्हशीला जाते. आमच्या गोठ्यात मी ते खाल्लेले पाहिले आहे, म्हशीने. मूळ मुद्दा हाच आहे. ज्या बंदरावर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, पोत्यांनी वाळत पडतो, तेथील मुलांना प्रथिनांसाठी परजिल्ह्यातून गोड पिठाचे पाकीट का यावे? वाळवलेल्या जवळ्याची चटणी भातावर घातली, तर मूल ताट चाटूनपुसून खाईल. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, शक्यतो बचत गट आणि महिला मंडळांकडून काम घ्यावे. बंदरावर सुकी मासळी विकणाऱ्या बायकांचे गट आहेतच.

सात्त्विक
जवळा, बोंबील यांचा आग्रह सर्वांवर लादू नये. शासकीय आहार सर्वांना चालेल असाच हवा. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंडी सुरू केली, तेथे पर्याय म्हणून केळी आहेत, तसेच शहरात करावे. शिवाय रेतीमिश्रित जवळा लहान मुलांना दिला आणि काही झाले, तर जबाबदारी कोण घेणार? सेविकाताईच अडकतील.

खाडीपलीकडे
जवळा चाळून, भाजून, निवडून घेतात, हे कोकणात राहून माहीत नसेल तर आपण कोकणात नेमके काय करता? कोणावर लादण्याचा प्रश्न नाही. ज्यांच्या घरी तो रोज शिजतो, त्यांच्याच मुलांना द्या म्हणतो आहे.

सात्त्विक
वैयक्तिक होण्याची गरज नव्हती. माझे सासर याच किनाऱ्यावरचे आहे. माझ्या मुलाच्या अंगावर सुक्या मासळीने चट्टे उठत, आणि डॉक्टरांनी ती बंद करायला लावली होती.

खाडीपलीकडे
म्हणजे आपल्या चिरंजीवांच्या पित्तावरून सगळ्या बंदराचा जेवणाचा फलक लिहायचा! ठीक आहे, केळी द्या, पण निदान ती तरी द्या.

पदर खोचून
दोघांनाही विनंती आहे. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरच्या आत भरला, की मूल तीव्र कुपोषित धरतात. अशा मुलाचा दंड पट्टीत धरला की पट्टी आपल्या बोटांतच घसरते. त्या घरात जवळा की केळी असा वाद नसतो, तिथे आई संध्याकाळपर्यंत घरी नसते आणि मोठी बहीण जे हाताला लागेल ते भरवते. चांगला आहारसुद्धा दिवसातून थोडाथोडा, पुन्हापुन्हा भरवावा लागतो. तेवढा वेळ हाताशी असलेला मोठा माणूस हवा. दर्याकाठताईंचा मुद्दा तोच होता, आणि तुम्ही सगळे मासळीबाजारात शिरलात.

बर्फवाला
माझा बंदरावर धंदा आहे. पाळणाघराचा खर्च शेडमालकांवर टाका, असे आता कोणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच लिहितो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, डिझेलचे भाव आपण जाणता, निर्यातीचा दर कधी कोसळेल त्याचा नेम नाही. बायकांना काम मिळते, ते आमच्यामुळेच. मुले शेडमध्ये आणू नका असे आम्हीही सांगतो, कारण खाली बर्फ असतो, सुऱ्या असतात. पण त्या ऐकत नाहीत.

आमराई
ऐकत नाहीत, हेच मी म्हणत होतो.

दर्याकाठ
ऐकून त्यांनी मुलाला ठेवायचे कुठे, एवढे दोघांपैकी एकाने सांगावे. मी त्या धाग्यापासून वाट पाहते आहे.

कज्जेदलाल
भांडण रंगात आले असताना कायदा मध्ये आणतो, क्षमस्व. सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती द्यावी लागते. झोपडपट्टीचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. वस्ती मुख्य रस्त्याच्या अलीकडे आणि अंगणवाडी पलीकडे, अशी स्थिती असेल, तर अलीकडची मुले वेगळी मोजून नव्या अंगणवाडीचा अर्ज करा आणि त्यातच पाळणाघराची जोड मागा, कारण 'पाळणा'मध्ये अंगणवाडीला लागून पाळणाघर असा प्रकार आहेच. आमराईंनी शिस्तीचे वर्ग खुशाल घ्यावेत, पण अर्ज गेल्यानंतर.

आमराई
उपरोध पोचला. पाळणाघराला माझा विरोध नाही, कधी नव्हता. माझा विरोध रोख पैशाला आहे आणि तो राहील. मुलाला धरून ठेवणारी जागा आणि बाई असेल, तर गुत्त्यावर उडवायला काही उरत नाही, एवढे मान्य. फक्त मोजणी करताना 'स्थानिक' असा रकाना ठेवा.

कज्जेदलाल
आदेशात तसा रकाना नाही.

पदर खोचून
मोजणी करायचीच असेल, तर मे महिन्याच्या आत करा. बोटी शाकारल्या की खलाशी गावी निघतात, अर्धी वस्ती रिकामी होते. मग पावसाळ्यात साहेब येऊन बघतात आणि मुले नाहीत, असा शेरा मारून जातात. याद्या माझ्या वहीत आहेत, ट्रॅकरमध्ये नसलेली नावेसुद्धा.

आमराई
माझ्या बागेतल्या गड्यांची दोन मुले आहेत, तीन आणि पाच वर्षांची. ती धरणार का?

पदर खोचून
वस्तीत राहत असतील, तर धरते. बागेत राहत असतील, तर तुमच्या बाजूची चाळीस जमवा, काका, आणि तुम्हीच पहिली सही करा.