यूपीआय आणि पुण्यातले किरकोळ विक्रेते : पीएचडीसाठी डेटा आणि पद्धत

प्रश्न : डिजिटायझेशनच्या अर्थशास्त्रात पीएचडीचा प्रस्ताव लिहितेय. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवरचा एमडीआर (दर व्यवहारामागे विक्रेत्याकडून घेतलं जाणारं शुल्क) शून्य झाला. पुण्यातल्या विक्रेत्यांच्या धंद्याची आधीची आणि नंतरची तुलना पुरेल का?

उत्तर १ : नाही पुरणार. नियम देशभर एकाच दिवशी लागू झाला, त्यामुळे तुलनेला दुसरा गटच उरत नाही. वर मार्चमध्ये लॉकडाउन.

उत्तर २ : फोनपे पल्सचा (फोनपे अ‍ॅपच्या व्यवहारांची खुली आकडेवारी) जिल्हानिहाय तिमाही डेटा २०१८ पासूनचा मोफत मिळतो. पण तो एकाच अ‍ॅपचा. आकडा वाढला तर यूपीआयचा वापर वाढला की त्या अ‍ॅपचा वाटा, ते कळत नाही. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या मासिक आकड्यांशी ताडून बघाच. शिवाय त्यातलं ‘पुणे’ म्हणजे जुन्नर-भोरसकट अख्खा जिल्हा. मंडई त्यात दिसायची नाही.

उत्तर ३ : म्हणून सर्वेक्षण हवंच. फुले मंडईत आधी गाळ्यांची यादी करा, मग त्यातून नमुना काढा. समोर दिसेल त्याला विचारत सुटू नका. ‘महिन्याची विक्री किती?’ असं विचारलंत तर अंदाजपंचे उत्तर येईल. त्यापेक्षा कालची खरेदी, उरलेला माल आणि रात्रीचा गल्ला विचारा. क्यूआर कोणाच्या खात्याचा, हेही नोंदवा. तो मुलाच्या नावावर असेल तर विक्रेत्याच्या पासबुकात ती विक्री उमटणारच नाही.